पंचेचाळिशीत काम गेलेल्याला जो शिकवेल त्याला टॅक्समध्ये सूट द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भोसरी एमआयडीसीत मी २१ वर्षं लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या मशीनवर, टर्नर म्हणून काम केलं. मागच्या वर्षी कंपनीने जुने लेथ काढून सगळं काम सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर नेलं आणि आम्हा ९ जणांना हिशोब देऊन घरी बसवलं. माझं वय ४६. धातूची चिप (कीस) निघताना नुसत्या आवाजावरून टूल बसलंय की नाही ते मला कळतं, पण आता सगळीकडे एकच विचारतात, प्रोग्राम येतो का? तो येत नव्हता.

शिकायचं ठरवलं तर ३ महिन्यांच्या कोर्सची फी ३० हजार आणि वर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून ५,४०० रुपये. ज्याचा पगार बंद झालाय त्याने परत कामाला लागण्यासाठी शिकायचं तर त्याच्याकडूनच सरकार टॅक्स घेणार, हे मला अजून पटलेलं नाही. मुलांच्या कॉलेजची फी तरी जुन्या टॅक्स पद्धतीत, ८० सी म्हणून ओळखतात त्या वजावटीत दाखवता येते, स्वतःच्या अशा कोर्सची तीही नाही.

योजना नाहीत असं नाही हो, पण त्या कोणासाठी आहेत ते बघा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत वयाची अट ३५. १ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राची विकसित भारत रोजगार योजना आली, त्यात कामगाराला मिळणारे १५ हजारापर्यंतचे पैसे पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याला. मालकाला महिना ३ हजारापर्यंत मिळतात आणि तिथे जुना माणूस चालतो, पण ५० पेक्षा कमी कामगार असतील तर निदान २ माणसं वाढवावी लागतात, १२ माणसांच्या शेडमध्ये, म्हणजे छोट्या कारखान्यात, एकदम दोघं कोण वाढवणार?

एका शेडच्या मालकाने मला स्पष्ट सांगितलं, दादा तुमचा हात चांगला आहे पण तुम्ही शिकेपर्यंत माझं मशीन अडकणार, बनवलेला पार्ट रिजेक्ट होणार, टूल मोडणार, ते पैसे कुठून काढू? त्याचं काही चुकलं नाही, त्यालाही हप्ते आहेत. म्हणून मी ओळखीच्या सीएला विचारलं की अशा मालकाला टॅक्समध्ये काही मिळतं का. ८० जेजेएए म्हणून ओळखतात ती सवलत आहे, नवीन माणसाच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम ३ वर्षं उत्पन्नातून वजा होते. २० हजार पगार धरला तर वर्षाचे ७२ हजार वजा आणि ३० टक्के दराने टॅक्स वाचतो २१,६०० रुपये. पण ती फक्त टॅक्स ऑडिट, म्हणजे टॅक्ससाठी सीएकडून हिशोबाची तपासणी, लागणाऱ्यांना, आणि सगळा व्यवहार बँकेतून करणाऱ्याला १० कोटी उलाढालीपर्यंत ऑडिटच लागत नाही, म्हणजे छोटी शेड बाहेरच राहिली. ट्रेनिंगवरच्या खर्चावर कंपन्यांना दीडपट वजावट मिळायची, तीही एप्रिल २०२० पासून साधी झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे की सूट उत्पन्नातून नको, भरायच्या टॅक्समधून थेट वजा करा. चाळिशीच्या पुढचा, कपात झालेला किंवा कंपनी बंद पडलेला कामगार ज्याने घेतला आणि शिकवला, त्याला शिकवण्याच्या ३ महिन्यांचा निम्मा पगार टॅक्समध्ये वळता करून द्या, टॅक्स कमी असेल तर उरलेली रक्कम परत द्या, आणि माणूस वर्षभर टिकला तरच द्या. लबाडी होईल म्हणाल तर आधीची नोकरी कधी सुटली आणि नवी कधी लागली ते पीएफच्या यूएएनवर (प्रत्येक कामगाराचा कायमचा पीएफ नंबर) दिसतंच की. आणि अशा कामगाराच्या कोर्सवरचा जीएसटी माफ करा. सिंगापूरमध्ये २०२४ पासून चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक नागरिकाला शिकण्यासाठी सरकार ४ हजार सिंगापूर डॉलरचं क्रेडिट देतं, म्हणजे या वयात माणूस शिकतो हे त्यांनी मान्य केलंय.

नव्या औद्योगिक संबंध कायद्यात कपात झालेल्या कामगारासाठी री-स्किलिंग फंड आहे, मालकाने १५ दिवसांचा पगार भरायचा. चांगलं आहे, पण १५ दिवसांच्या पगारात माझ्या कोर्सची निम्मी फी सुद्धा होत नाही, आणि शिकल्यावर घेणार कोण हा प्रश्न तिथे येतच नाही.

माझे काका लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते परत आत गेलेच नाहीत, साच्यावरचा, म्हणजे कापड विणायच्या मागावरचा पक्का माणूस, पुढे गावाला शेतात राबला. त्यांना दुसरं काही शिकवू असं कोणी म्हणालं नाही.

मी कोर्स पूर्ण केलाय, आता प्रोग्राम वाचता येतो, ऑफसेट, म्हणजे मशीनला टूलच्या मापाचा फरक, देता येतो. आमच्या ९ जणांतले दोघं सिक्युरिटीत लागलेत, एकजण रिक्षा चालवतो, बाकीचे माझ्यासारखे दारोदार फिरतायत. पुणे आणि शिरूरच्या खासदारांनी बजेटच्या आधी हा विषय दिल्लीत मांडावा, आकडे लागले तर आमच्या सगळ्यांचे यूएएन द्यायला आम्ही तयार आहोत.

आपला,
एक टर्नर, भोसरी, पुणे