‘तापट होता’ एवढं लिहून फाइल बंद करू नका

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

मी विदर्भातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. माझ्या धाकट्या शेतकरी भावाने आत्महत्या केली, त्याला सात महिने झाले. शेतकरी आत्महत्येनंतर घरच्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचं प्रकरण समितीपुढे होतं. गेल्या सोमवारी वहिनीच्या हाती कागद आला: प्रकरण अपात्र. चौकशी अहवालात लिहिलंय, ‘मयत हा स्वभावाने एकलकोंडा व तापट होता.’ सोसायटीच्या कर्जाच्या थकबाकीचे कागद आम्ही जोडले होते. त्यांच्याबद्दल अहवालात एक ओळ आहे, स्वभावाबद्दल तीन.

होता तो तापट. हळवाही होता. घरचा बैल विकला तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता. मनाला लागलं की खोलीत जाऊन बसायचा, आई ताट झाकून ठेवायची. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तो जिवंत असताना मात्र ही माहिती कुणालाच नको होती.

स्वभावाचा आणि आत्महत्येचा संबंधच नाही, असं मी म्हणत नाही. तो गेल्यावर मी रात्र रात्र हेच वाचलंय. सतत धास्तावलेला माणूस, आवेगी माणूस, पुढे काही चांगलं होईल ही आशाच संपलेला माणूस, यांना धोका जास्त असतो. पण 2017 साली फ्रँकलिन नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आत्महत्येच्या धोक्यावरचे पन्नास वर्षांतले 365 अभ्यास एकत्र तपासले. स्वभाव घ्या, आजार घ्या, परिस्थिती घ्या, कुठल्याही एका गोष्टीवरून केलेला अंदाज नाणं उडवण्यापेक्षा जेमतेमच बरा निघाला. तापट माणसं घरोघरी आहेत, नातवंडं खेळवतायत. मग शेजाऱ्यांच्या दोन जबाबांवरून समितीने कारण कसं ठरवलं?

धोक्याची सगळ्यांत मोठी खूण म्हणजे आधी झालेला प्रयत्न. तो आमच्या घरात झाला होता, दोन वर्षांपूर्वी. चौथ्या दिवशी रुग्णालयातून घरी पाठवलं. पोलीस जबाब घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, मन घट्ट करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017, कलम 115 काढून वाचा, साहेब. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. जबाबदारी, मेहेरबानी नव्हे! त्या दोन वर्षांत आमच्या दारी कोण आलं? एकटी आशाताई, शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पाचा फॉर्म घेऊन. ओट्यावर चार माणसांदेखत तिने विचारलं, भाऊ, झोप लागते का? एकलकोंडा माणूस तिथं काय सांगणार? ‘बरा आहे’ म्हणाला. तिला मी बोल लावत नाही. हजार लोकसंख्या तिच्या एकटीच्या गळ्यात, आणि मानधनासाठी तिलाच मोर्चात बसावं लागतं.

2022 साली महाराष्ट्रात 22,746 आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सर्वांत जास्त. दिवसाला बासष्ट! त्याच वर्षी केंद्राने धोरण काढलं, 2030 पर्यंत दहा टक्के कमी करू म्हणून. कमी कोण करणार? पीक बुडालं की माणूस कृषी खात्याचा, कर्ज थकलं की सहकारचा, रुग्णालयात नेला की तुमचा आणि मेला की महसूलचा. चारही ठिकाणी मी जाऊन आले. प्रत्येकाने दुसऱ्याचं दार दाखवलं. वहिनी दिवसाची मजुरी बुडवून माझ्यासोबत यायची.

पैशासाठी हे लिहीत नाही. तो अहवाल फिरवा, आणि ‘स्वभाव’ लिहून प्रकरणं बंद करायची पद्धत थांबवा. प्रयत्नातून वाचून घरी गेलेल्या प्रत्येकाकडे आठवड्याच्या आत तुमचा प्रशिक्षित माणूस जाऊ द्या, आणि महिनोन्महिने जात राहू द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मी आता वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवते. माझ्या भावाला तो कुणी दिला नव्हता. मीही नाही.

भाच्याचं वय चौदा. तोही हल्ली ताट घेऊन खोलीत जातो. दारावर येणारे म्हणतात, बापावर गेलाय. त्याच्यासमोर म्हणतात.

आमच्या ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, हे तीनदा विचारलं, तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं. तो वार तेवढा लेखी कळवा. मी शाळेतून रजा काढून त्याला घेऊन येते.

आपली,
अपात्र ठरवलेल्या एका शेतकऱ्याची बहीण