फास्टर फेणे कपाटात कोंडलाय

महोदय,

परवा आपल्या पुरवणीत बालसाहित्यावर लेख होता. भा. रा. भागवतांचं नाव दिसलं तसा चहा बाजूला ठेवून वाचला. पण मुलं आता वाचतच नाहीत, हा त्यातला सूर काही पटला नाही. त्यांना वाचायला देतं कोण?

मला आठवीत भागवतांच्या गोष्टींचा नायक फास्टर फेणे भेटला तो आमच्या कोठ्यात. मामानं यवतमाळहून आणलेल्या रद्दीत तो होता, पहिली पानं गायब. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला गेलेला काडीपैलवान बनेश फेणे! त्याचं ते ‘ट्टॉक्’ आम्हाला इतकं लागलं की वेचणीच्या दिवसांत पऱ्हाटीतून आम्ही पोरं एकमेकांना तशाच हाका मारायचो. आजीला वाटे, यांच्या टाळूला काही झालं.

भागवतांनी (1910–2001) या फेण्याची वीसेक पुस्तकं लिहिली, ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणून आम्हाला चंद्रावर नेलं, ‘बालमित्र’ मासिक चालवलं. त्यांचा दुसरा नायक बिपिन बुकलवार तर मला कित्येक वर्षं आपल्या वणी-पांढरकवड्याकडचाच वाटायचा. इकडे दर दुसऱ्या आडनावात ‘वार’! त्यात ‘बुक लव्हर’ दडलाय हे कॉलेजात असताना एकदा एसटीत लक्षात आलं आणि एकटाच हसत बसलो.

आता नातू जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत आहे. शाळेचं नाव घेत नाही, गुरुजी भला माणूस आहे. 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, मी तिथे गेलो होतो. कलामसाहेबांच्या फोटोला झेंडूचा हार, टेबलावर हिरवं कापड, त्यावर मांडलेली पुस्तकं. त्यात फेण्याची तीन, कोरी करकरीत. एक उघडलं तर डांबर गोळीचा वास आला आणि पानं एकमेकांना चिकटलेली. पोरांनी पुस्तकं छातीशी धरली, फोटो निघाले, ग्रुपवर गेले. अर्ध्या तासात सगळं परत लोखंडी कपाटात, किल्ली गुरुजींच्या खिशात.

विचारलं तर म्हणाले, “काका, पोट्टे फाडतात. रजिस्टरले नोंद हाये, भरून मलेच द्या लागते.”

त्यांचंही खरं आहे. म्हणून शिक्षण खात्याला एवढीच विनंती : वाचून फाटलेलं पुस्तक गुरुजींकडून वसूल होणार नाही, असं एका ओळीचं पत्र सगळ्या शाळांना पाठवावं. प्रेरणेचे कार्यक्रम नंतर ठरवा.

नातवासाठी मी यवतमाळहून एक फेणे विकत आणला. चौथ्या दिवशी त्याचं मुखपृष्ठ निघालं. पुस्तक सध्या शेजारच्या पोरीकडे आहे, आणि सकाळपासून तिकडून ‘ट्टॉक्’ ऐकू येतंय.

– एक शेतकरी वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ