स्लॉट पोर्टची लांबी आणि दोन चुकांची वजाबाकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी स्पीकरचा खोका तयार करण्याविषयी आलेला लेख आवडीने वाचला. त्यात स्लॉट पोर्टची, म्हणजे खोक्याच्या तळाशी आडव्या फळीने केलेल्या फटीची, लांबी काढण्याची जी रीत दिली आहे ती मात्र अपुरी आहे. लेखकाचा खोका त्या रीतीने ४० हर्ट्झला लागला, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तो कसा लागला हे सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

तबला जसा स्वरात लावावा लागतो, तसाच हा खोका एका ठरावीक वारंवारतेला लावावा लागतो. फटीतील हवा हे वजन आणि खोक्यातील कोंडलेली हवा ही स्प्रिंग, असा हा हेल्महोल्ट्झचा जुना अनुनादक आहे. बेल प्रयोगशाळेतील थुरास यांना स्पीकरसाठी त्याचे पेटंट १९३२ मध्ये मिळाले, आणि ऑस्ट्रेलियातील थील (१९६१) व पुढे स्मॉल यांच्यामुळे त्याचे गणित घरी खोके करणाऱ्यांच्याही आवाक्यात आले. सूत्र सोपे आहे : ध्वनीच्या वेगाचा वर्ग गुणिले फटीचे क्षेत्रफळ, याला ३९.५ गुणिले वारंवारतेचा वर्ग गुणिले खोक्याचे घनफळ याने भागले की फटीची लांबी मिळते. लेखातील खोका आतून २२ सेंमी रुंद, ४६ सेंमी खोल आणि २९.६ सेंमी उंच, म्हणजे ३० लिटरचा आहे. फट २२ सेंमी रुंद व ३ सेंमी उंच, म्हणजे ६६ चौरस सेंमी. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला, तर ४० हर्ट्झसाठी लांबी ४१.५ सेंमी येते. लेखकाने फळी तेवढीच कापली.

येथे पहिली चूक होते. सूत्रातून येते ती प्रभावी लांबी, फळीची लांबी नव्हे. फटीच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही आतल्या हवेबरोबर मागेपुढे होते, आणि तिचे वजन लांबीतच धरावे लागते. तेवढ्याच क्षेत्रफळाची गोल नळी ९.२ सेंमी व्यासाची होते. तिचे एक तोंड पुढच्या फळीशी सपाट आणि दुसरे खोक्यात मोकळे असेल, तर व्यासाच्या ०.७३ पट, म्हणजे ६.७ सेंमी वजा करतात. फटीला हा आकडा पुरत नाही, कारण तिचे आतले तोंड मोकळे नसते. तळ आणि दोन्ही बाजू तिथून तशाच पुढे जातात, हवा एकाच अंगाने पसरते आणि वजावट वाढते. अशा फटीसाठी मी एकूण ९ सेंमी धरतो. म्हणजे फळी ३२.५ सेंमीची हवी होती. ती ४१.५ सेंमीची ठेवली की प्रभावी लांबी ५०.५ सेंमी होते, आणि खोका ४० ऐवजी ३६ हर्ट्झला लागायला हवा.

तसा तो लागला नाही, कारण दुसरी चूक पहिलीच्या मदतीला आली. फट आणि तिची फळी खोक्याच्या आतच बसतात. फटीतील हवा २.७ लिटर, १८ मिमी प्लायची फळी १.६ लिटर, आणि आठ इंची वूफरचे, म्हणजे खर्जाच्या स्पीकरचे, चुंबकासह मागचे अंग साधारण १.२ लिटर. लेखकाने यातले काहीच वजा केले नाही, त्यामुळे स्प्रिंगला ३० ऐवजी २४.५ लिटरच हवा उरली, ती ताठ झाली आणि वारंवारता पुन्हा ४० च्या जवळ आली. वूफरला मात्र ठरवलेल्यापेक्षा साडेपाच लिटर कमी मिळाले. ते नुसत्या वारंवारतेवरून कळत नाही.

हाच हिशेब दहा इंची वूफरच्या ६० लिटरच्या खोक्याला तीच फट ठेवून लावला, तर सूत्रातली लांबी २०.७ सेंमी येते. येथे ९ सेंमी जवळजवळ निम्मे ठरतात, उलट आत गेलेले घनफळ जेमतेम चार लिटर असते. चुका एकमेकींना खोडत नाहीत आणि खोका ३५ हर्ट्झच्याही खाली जातो. माझी स्वतःची फजिती वेगळ्या वाटेने झाली. मी निव्वळ घनफळ काटेकोरपणे ३० लिटर ठेवले आणि टोकांची वजावट तेवढी विसरलो. एक चूक सुधारल्याची शिक्षा म्हणून खोका ३६ हर्ट्झला लागला आणि महिनाभर मी सूत्राला दोष देत राहिलो.

मोजणी अवघड नाही. ॲम्प्लिफायर आणि वूफर यांच्यामध्ये शंभर-दोनशे ओहमचा रेझिस्टर घालावा, मोबाइलमधील टोन जनरेटरने २० पासून १०० हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू चढवावा आणि वूफरच्या टोकांवरील व्होल्टेज मल्टिमीटरच्या एसी पट्ट्यावर वाचावे. आकडा दोनदा चढतो. त्या दोन शिखरांमधील तळ जेथे येतो ती खोक्याची वारंवारता. पुढे रेझिस्टर काढून, आवाज बेताचा ठेवून तोच सूर वाजवला, तर वूफरच्या कोनवर, म्हणजे शंकूसारख्या पडद्यावर, खडूने काढलेला ठिपका तेथे जवळजवळ स्थिर दिसतो, आणि फटीपुढे धरलेल्या हाताला वारा लागतो.

सुताराच्या मापातील चुकीची धास्ती लेखात बरीच घातली आहे. तीन सेंटिमीटरच्या फटीत एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमीजास्त झाले, तर फरक दोन हर्ट्झचा पडतो. वजावट विसरल्याचा फरक त्याच्या दुप्पट आहे.

लेख वाचून ज्यांनी प्लाय आणून ठेवला असेल, त्यांच्यासाठी एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती : आधी निव्वळ घनफळ काढावे, सूत्रातील लांबीतून टोकांची वजावट करावी, फळी त्याहून दोन-तीन सेंमी लांब कापावी, आणि मोजणी होईपर्यंत खोक्याची मागची बाजू व ती फळी फेव्हिकॉलने न चिकटवता केवळ स्क्रूवर ठेवावी, म्हणजे फळी बाहेर काढून कापता येईल.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे