जीपची मूळ डिस्क आणि पाच खुंट्यांची ताटली : उद्यमनगरातल्या मामांना आभाराचं पत्र

कोल्हापूर

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं मामा. शिवाजी उद्यमनगरात तुमच्या लेथपर्यंत जे पोचलेत त्यांना तेवढ्यावरून कळेल.

दसऱ्याला महाराजांची मेबॅक मोटार दसरा चौकात आली की तिच्या चाकांकडं बघत लोक तास तास उभे राहतात. वडापात (खासगी प्रवासी वाहतुकीत) हाडं झिजलेल्या सीजे-३बी जीपला सोळा इंची साधी डिस्क, म्हणजे टायर चढतो ते लोखंडी चाक, कुठं मिळेल, हे मात्र कुणी सांगत नाही. तुम्ही सांगितलंत, आणि डिस्क विकण्याआधी मोजायला लावलंत. आभार मुख्यतः त्या मोजायला लावण्याचे. हे पत्र उघड्यावर लिहायचं कारणही तेच: जे तुम्ही एकेकाला दुकानाच्या पायरीवर समजावता, ते सगळ्यांना वाचायला मिळावं.

आधी ताटलीबद्दल, म्हणजे डिस्कची भोकं तपासायला तुम्ही केलेल्या मापाबद्दल. सहा मिलीमीटर जाडीची लोखंडी चकती, तिच्यावर पाच खुंट्या, मधोमध १०८ मिलीमीटरचा उंचवटा. खुंट्यांच्या मध्यांतून जाणारं वर्तुळ साडेपाच इंचांचं, म्हणजे १३९.७ मिलीमीटर. प्रत्येक खुंटीच्या बुडाशी नटासारखाच ६० अंशांचा उतार. डिस्कच्या बाहेरच्या अंगानं ताटली बसवली आणि पाचही उतार एकाच वेळी टेकले, तर डिस्क पुढं तपासायच्या लायकीची. चार टेकले आणि पाचव्याखाली फीलर गेजची (फट मोजायची) पातळ पट्टी सरकली, तर ते भोक ओढलं गेलंय. मधला उंचवटाच आत जात नसेल, तर डिस्क जीपच्या हबवर, म्हणजे एक्सलच्या टोकाला चाक बसतं त्या भागावर, चढणारच नाही. अशी वस्तू करून ती भाड्याशिवाय, पावतीशिवाय, कुणालाही घरी न्यायला देणं याला काय म्हणायचं? बाजारात तर डिस्क गाडीत टाकून दिली की व्यवहार संपतो.

ज्यांच्याकडं ताटली नाही त्यांच्यासाठी तुमचाच हिशेब. पाच भोकांत समोरासमोर भोक येत नाही, त्यामुळं चार भोकांच्या डिस्कसारखी सरळ टेप लावून चालत नाही. शेजारच्या दोन भोकांचं अंतर घ्यायचं, एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत, म्हणजे मध्य शोधायची कटकट नाही. ते ८२.१ मिलीमीटर आलं तर वर्तुळ १३९.७ चं. एक भोक सोडून मोजलं तर १३२.९ यायला हवं. दुसरी कुठली डिस्क असेल तर शेजारच्या अंतराला १.७०१ नं गुणायचं. शेजारचं अंतर ६७ च्या आसपास आलं की ती ११४.३ ची डिस्क, जीपच्या कामाची नाही. आणि शक्यतो हे माप डिस्कवर न घेता हबच्या स्टडवर (चाकाचे नट बसतात त्या बोल्टांवर) घ्यायचं. डिस्कची भोकं झिजतात, स्टड जागा सोडत नाहीत.

मूळ कशाला म्हणायचं, यावर आपल्याकडं फार गोंधळ आहे. दोन तुकडे बोल्टनं जोडलेली 'कॉम्बॅट' डिस्क दिसायला रुबाबदार, म्हणून जो तो तीच मागतो. पण ती लष्करी जीपची, १९४१ ते १९४५ दरम्यानच्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूची, आणि त्यातल्याही अगदी सुरुवातीच्या गाड्यांना एकसंध डिस्कच होती. उंच बॉनेटच्या नागरी सीजे-३बीला १६ इंच व्यासाची, साडेचार इंच रुंदीची एकसंध डिस्क शोभते आणि तीच खरी. ३बीवर कॉम्बॅट चढवायची तर हौस म्हणून चढवा. मूळ म्हणू नका.

हौस करणाऱ्यांसाठी तुमची ताकीद जशीच्या तशी देतो. कॉम्बॅट डिस्कवर नटांची दोन वर्तुळं असतात. आतले पाच चाक हबला धरतात. बाहेरचे आठ डिस्कचे दोन तुकडे एकमेकांना धरतात. टायरमधे हवा असताना बाहेरचे नट सोडले तर तुकडा गोळीसारखा सुटतो. माणूस जागेवर जाऊ शकतो. हायवेवरच्या पंक्चरवाल्या पोराला हे माहीत असण्याचं कारण नाही. म्हणून बाहेरच्या आठ नटांना लाल रंग द्यायचा, आणि चाक उघडण्याआधी व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा पूर्ण जाईपर्यंत थांबायचं.

आता मारुती जिप्सीची डिस्क. 'जिप्सीची बसते' हे वाक्य कोल्हापुरात इतक्या वेळा ऐकू येतं की ते खरंच वाटतं, आणि अर्धं खरं आहेही. तिचंही वर्तुळ पाच भोकांचं, १३९.७ चं. पण ती १५ इंची. जिप्सीबरोबर येणारा २०५/७० आर १५ टायर उंचीला जेमतेम ६७ सेंटीमीटर भरतो, जीपचा ६.००-१६ साधारण ७३. म्हणजे चाक आठ-नऊ टक्क्यांनी लहान. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ५५ नं चाललेली असते. ३बीच्या डिफरन्शियलचा दर (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे फेरे) मुळातच ५.३८, इंजिन आधीच वर फिरतं, त्यात लहान चाक म्हणजे सपाट रस्त्यावरही बोंब. गाडी बुटकी दिसते ते वेगळंच.

शिवाय डिस्कचं पोट, म्हणजे हबला टेकणारा मधला खोलगट भाग. त्याची खोली मोजायची तुमची रीत सोपी आहे: डिस्क पालथी घालायची, मागच्या कडांवर सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली घ्यायची. गाडीवरची जुनी डिस्क याच रीतीनं मोजून दोन्ही आकडे शेजारी लिहायचे. नवी खोली जास्त आली तर चाक आत सरकतं, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर स्प्रिंगच्या पाट्याला नाहीतर टायरॉडला (चाकं वळवणाऱ्या दांड्याला) घासतो. कमी आली तर चाक बाहेरच्या अंगाला सरकतं, स्टिअरिंग जड होतं, बेअरिंगवर तिरका भार येतो. घासतंय म्हणून हब आणि डिस्कच्या मधे स्पेसर (जाड चकती) टाकणाऱ्यांना तुम्ही जो प्रश्न विचारता तो भारी आहे: नट किती फेरे बसतो? अर्धा इंची स्टडला इंचाला २० आटे, म्हणजे स्टडच्या जाडीएवढी पकड मिळायला दहा पूर्ण फेरे लागतात. स्पेसर टाकून ते सहा-सातावर आले, तर तो स्पेसर काढायचाच.

आट्यांवर तर तुमचं वेगळं पुस्तक होईल. जुन्या जीपला क्लीनर साइडला, म्हणजे डाव्या अंगाला, उलटे आटे असतात. चाक पुढं फिरताना नट सैल व्हायच्या दिशेनं सरकू नये, हा त्यामागचा विचार. स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल' कोरलेला असतो, पण गंज आणि रंगाखाली तो दिसत नाही. मग टायरच्या दुकानात हवेची गन लावून नट 'सोडायला' घेतात; तो आणखी आवळतो आणि स्टड मुळातून तुटतो. तारेच्या ब्रशनं टोक घासून अक्षर बघा, मगच पाना लावा. एखाद्या गाडीचा हब मधे कधीतरी बदललेला असतो, त्यामुळं दोन्ही बाजू वेगवेगळ्या बघायच्या. पाना पाऊण इंची. १९ चाही बसतो.

याहून फसवा प्रकार नटांच्या अदलाबदलीचा. जिप्सीचा स्टड १२ मिलीमीटरचा, आट्याचं अंतर १.२५. जीपचा अर्धा इंच म्हणजे १२.७, आणि त्याचे २० आटे म्हणजे अंतर १.२७. अंतर जवळजवळ सारखं, म्हणून जीपचा नट जिप्सीच्या स्टडवर गुळगुळीत फिरत जातो. भोक मोठं असल्यानं तो थोडा डुगडुगतो एवढंच. आवळला की आट्यांची फक्त टोकं धरतात आणि एखाद्या खड्ड्यात सगळी मिळून निघून येतात. 'नट हातानं फिरला म्हणजे बरोबर' असं मानणाऱ्यानं हे दोनदा वाचावं.

ट्रॅक्टरचंही सांगायला हवं, कारण आपल्या उसाच्या भागात तो सापळा प्रत्येक दुकानाबाहेर मांडलेला असतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायरही ६.००-१६, आणि त्याच्या डिस्कची कडही ४.५०ई × १६, अगदी जीपचीच. म्हणून टायर चढतो. पण उभ्या पट्ट्यांचा तो टायर शेतातल्या वेगासाठी केलेला असतो. त्यावर 'ए६' असेल तर मर्यादा ताशी ३० किलोमीटर, 'ए८' असेल तर ४०. पुण्याच्या रस्त्याला लागल्यावर तो तापणारच. आणि ट्रॅक्टरची कड कापून तिच्यात जीपचं पोट वेल्डिंग करून देणारे कारागीर आहेत. तुम्ही ते काम पैसे देऊनही घेत नाही, हे इथं मुद्दाम लिहितो.

मग खरी डिस्क आणायची कुठून? तुमचा सल्ला: गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा बाजूच्या जुन्या वडापच्या जीपगाड्या. गाडी भंगारात गेली तरी डिस्क गोठ्यामागं पडलेली असते, कधी वैरणीच्या गंजीवर वजन म्हणून. पण या डिस्कांनी नऊच्या जागी पंधरा माणसं वाहिलीत आणि गगनबावड्याचा पाऊस खाल्लाय. म्हणून तपासणी अशी, आणि याच क्रमानं, कारण रंग दिल्यावर काहीच दिसत नाही.

टायर काढून डिस्क ब्लास्टिंगनं (वाळूच्या माऱ्यानं रंग-गंज उडवून) उघडी करायची. भोकांच्या भोवती आणि पोट कडेला जिथं जोडलंय तिथं रॉकेल लावायचं, पंधरा-वीस मिनिटांनी कोरडं पुसायचं, वर खडूची पूड चोळायची. चीर असेल तर आतलं रॉकेल झिरपून पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. भोकापासून निघालेली रेघ दिसली की डिस्क बाद. ती वेल्डिंगनं भरून पुन्हा भोक पाडणं हा उपाय नव्हे. वेल्डिंगच्या शेजारचा पत्रा कडक होतो आणि पुढची चीर तिथूनच सुटते. गंजानं पडलेले खड्डे लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत केलेले असतात, त्यावर हातोडीची हलकी टिचकी मारायची. धड पत्रा घणघणतो, लांबी ठप्प वाजते.

नंतर 'आऊट', म्हणजे फिरताना डिस्क किती डुलते ते, बघायचा. डिस्क हबवर बसवून, एक्सल जॅकवर घेऊन, कडेला डायल गेज लावून हळू फिरवायचं. गेज नसेल तर विटेवर तार बांधून तिचं टोक कडेशी आणायचं. वरखाली किंवा आतबाहेर दीड मिलीमीटरपर्यंत चालेल असं तुम्ही धरता. जास्त आला की लोक लगेच डिस्क ठोकायला घेतात. तुमची युक्ती त्याआधीची: जिथं फुगवटा आला तिथं डिस्कवर आणि हबवर खडूनं खूण करायची, डिस्क एक स्टड पुढं फिरवून पुन्हा बसवायची आणि परत मोजायचं. फुगवटा डिस्कच्या खुणेबरोबर गेला तर डिस्क वाकडी. हबच्या खुणेपाशीच राहिला तर डिस्क निर्दोष आहे, हबचा चेहरा नाहीतर बेअरिंग बघा. या एका खुणेनं कितीतरी चांगल्या डिस्का हातोडीपासून वाचल्या असतील.

रंगाचं थोडक्यात. पावडर कोटिंग जाड बसतं. नटाच्या उतारावर आणि हबला टेकणाऱ्या पृष्ठावर ते राहिलं, तर चार दिवसांत दबतं आणि नट सैल पडतात. या दोन जागा झाकूनच रंगवायला द्यायच्या; तिथं प्रायमरचा पातळ हात पुरे. नट उताराची बाजू आत ठेवून, एक सोडून एक आवळायचे: पहिला, तिसरा, पाचवा, दुसरा, चौथा. साधारण ९० ते १०० न्यूटन-मीटर, आट्यांना ग्रीस न लावता. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा.

६.००-१६ ला ट्यूब लागते. डिस्कचं व्हॉल्व्हचं भोक मोठं आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असेल, तर तो हलत राहतो आणि बुडाशी कापला जातो. भोकात रबरी बुश घालायचा; तुमच्या टेबलावरच्या डब्यात ते असतात आणि तुम्ही त्यांचे पैसे घेत नाही, हेही लोकांना कळू दे.

आणि डिस्का पाच घ्यायच्या, चार नव्हे. स्टेपनीला १५ इंची लटकवून ठेवलेली जीप बघितली की तुम्ही जी मान हलवता, ती आता आमचीही हलते.

तुमची ताटली सध्या आमच्याकडंच आहे. तिच्या एका खुंटीचा उतार थोडा गुळगुळीत झालाय, हात लावल्यावर कळतं. मंगळवारी आणून देतो. तेवढी खुंटी लेथवर बदलून घ्या, आणि या खेपेला तिचे पैसे घ्या.

आपली,
कोल्हापुरातली जुनी जीपवाली मंडळी