अक्षय, सप्लीच्या आधी हे वाच

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय अक्षय,

काल तुझा फोन ठेवल्यापासून चैन पडत नाहीये. बायोकेमिस्ट्रीची सप्ली, म्हणजे राहिलेल्या विषयाची फेरपरीक्षा, तोंडावर आलीय. "क्रेब्स सायकल चार वेळा लिहून काढली, पाचव्यांदा डोकं कोरं," असं म्हणताना तुझा आवाज पार पडला होता. फोनवर मला नीट काही बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मागच्या आठवड्यात मेडिसिनच्या पोस्टिंगला एक मुलगी पाहिली. टाइप वन डायबेटिस. उलट्या होताहेत, जेवण जात नाही, म्हणून घरच्यांनी दोन दिवस इन्सुलिनच दिलं नव्हतं. श्वास खोल आणि भराभर चाललेला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. सरांनी विचारलं, "रक्तात साखर चारशेच्या वर आहे, तरी हिचं शरीर उपाशी का?" आम्ही सगळे गप्प. अरे, वर्षभर आपण तक्ते घोकले, पण कोण उपाशी आहे हे कधी विचारलंच नाही.

तर माझं ऐक, तक्ते मिटून ठेव. कागदावर एका माणसाला रात्री आठला पोटभर जेवू घाल आणि मग तीन दिवस काही देऊ नकोस. दर टप्प्याला एवढंच विचार: आत्ता मेंदू कशावर चाललाय, आणि ते त्याला कुणी दिलं?

मध्यरात्र उलटली की लिव्हरमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवून ठेवलेलं ग्लुकोज, कामाला येतं. ते असतं साधारण १०० ग्रॅम. एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे हा साठा दिवसभरात उडणार. स्नायूंत याच्या तिप्पट-चौपट पडून असतं, पण ते रक्ताला देता येत नाही, कारण तिथे ग्लुकोज मोकळं करणारं एन्झाइम, ग्लुकोज-सिक्स-फॉस्फटेज, नाही. हे पक्कं झालं की व्हॉन गिर्के डिसीज वेगळा पाठ करायला नको. तेच एन्झाइम लिव्हरमध्येही नसेल, तर बाळाची साखर घसरणार, लिव्हर फुगणार, लॅक्टेट वाढणार. स्वतः मांडून बघ, एकेक लक्षण हाताला लागतं.

पुढे ग्लुकोनिओजेनेसिस. लॅक्टेट, अ‍ॅलानिन, ग्लिसेरॉल यांतून लिव्हर नवं ग्लुकोज घडवतं. लाल पेशींना मायटोकॉन्ड्रियाच नाहीत, त्या ग्लुकोजशिवाय जगूच शकत नाहीत; त्यांचं लॅक्टेट लिव्हरकडे परत येतं, तीच कोरी सायकल. आणि वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास येणारा प्रश्न: अंगावर एवढी चरबी असताना तिचं ग्लुकोज का होत नाही? ग्लिसेरॉलचं होतं, पण फॅटी अ‍ॅसिडमधून निघतं अ‍ॅसिटिल को-ए, म्हणजे दोन कार्बनचा तुकडा, आणि ग्लुकोज मोडून होणाऱ्या पायरुवेटकडून तिकडे जाणारी वाट एकेरी आहे. क्रेब्समध्ये, म्हणजे पेशीत हा तुकडा जाळून ऊर्जा काढणाऱ्या चक्रात, दोन कार्बन घातले की एका फेरीत दोन कार्बन डायऑक्साइड होऊन जातात. ग्लुकोजसाठी जादा काही उरत नाही. तुझी क्रेब्स इथून सुरू कर, सायट्रेटपासून नको.

त्यात अ‍ॅसिटिल को-एला क्रेब्समध्ये घेणारं ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट ग्लुकोज बनवण्याकडे ओढलं जातं, अ‍ॅसिटिल को-ए साचतं, त्याचे कीटोन होतात, म्हणजे मेंदूलाही चालणारं आम्लधर्मी इंधन. लिव्हर ते बनवतं पण स्वतः वापरू शकत नाही. त्यासाठी लागणारं एन्झाइम, थायोफोरेज, नाही त्याच्याकडे.

आता त्या मुलीकडे ये. इन्सुलिन नाही, म्हणून रक्तात साखर असूनही तिचं शरीर उपाशी असल्यासारखंच वागत होतं. उपाशी माणसात थोडं तरी इन्सुलिन असतं, ते चरबीच्या विघटनाला लगाम घालतं. तिच्याकडे तो लगामच नव्हता. कीटोन वाढत गेले, रक्त आम्लधर्मी झालं, आणि ते आम्ल कमी करायला शरीर श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत होतं. सरांनी इन्सुलिनच्या आधी पोटॅशियमचा रिपोर्ट मागवला, कारण इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलतं आणि हृदय धोक्यात येऊ शकतं. चौथ्या दिवशी ती उठून बसली, आईकडे वरणभात मागत होती. त्या रात्री मी बायोकेमिस्ट्रीचं पुस्तक पुन्हा उघडलं, या वेळी आपण होऊन.

शनिवारी रात्री फोन करतो. तू मला तिसऱ्या दिवसाचा मेंदू सांगायचास: तो कीटोनवर चालायला लागला, की स्नायूंमधलं काय वाचतं? काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
ओंकार