आवाहन : बाक हलवायचे आहेत, माणसंही परत आणायची आहेत

वजन कमी करायचं (बॅरियाट्रिक) ऑपरेशन झालेल्यांच्या आपल्या मंडळाचे सर्व आजी-माजी सभासद, त्यांच्या घरची मंडळी आणि हितचिंतक यांना सप्रेम नमस्कार.

पत्र घाईत लिहितेय. डेपोत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यात आपलं जेवण कसं चालतं ते तुम्हाला ठाऊकच आहे, अर्ध्या भाकरीला वीस मिनिटं. उरलेल्या दहा मिनिटांत चार दिवस लिहून हे पुरं केलंय. गाडी इकडेतिकडे गेली तर सांभाळून घ्या.

विषय असा की, गेली आठ वर्षं आपण पतसंस्थेच्या ज्या हॉलमध्ये बसतो ती इमारत गणपती उठले की पाडायला घेणार आहेत. जागा बघितली आहे, पैसे कमी पडतात. किती, ते खाली लिहिलंय. पण त्याआधी ज्यांच्यामुळे हे सगळं उभं राहिलं त्यांचं ऋण मानल्याशिवाय मला पुढे लिहिता येत नाही. नावं लिहीत नाही. निम्म्यांनी बजावलंय आणि उरलेल्या निम्म्यांच्या सासरी-माहेरी अजून ऑपरेशनचं माहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते गावावरून ओळखतीलच.

पहिले पतसंस्थेचे चेअरमन भाऊ. आठ वर्षांत एक रुपया भाडं घेतलं नाही. 'लाइटबिल तेवढं द्या' म्हणाले, आणि बिल द्यायला गेलं की चहा पाजून परत पाठवायचे. वरचा एसी हॉल मोकळा होता, तोही देत होते. आपल्या चोपड्याच्या गुरुजींनी तळमजलाच मागून घेतला. 'जिना ठेवला तर ज्याला यायची खरी गरज आहे तोच येणार नाही,' हे त्यांचं वाक्य. भाऊंनी दुसऱ्याच दिवशी तळमजल्यावरची जुनी कपाटं हलवली.

दुसरे धरणगावचे सुतारदादा. त्यांचं स्वतःचं ऑपरेशन नाही, वहिनींचं आहे. आपल्या पहिल्या बैठकीला भाड्याच्या प्लॅस्टिक खुर्च्या होत्या. एकात एक अशा दोन-दोन घालून आपण बसायचो आणि हात असलेल्या खुर्चीत कोण अडकतं याची धास्ती घेऊन बसायचो. ते दादांनी दारातून पाहिलं. काही बोलले नाहीत. तीन आठवड्यांनी टेम्पोतून बाभळीचे सहा बाक आले, रुंद, बिनहातांचे. उतरवल्यावर पहिल्या बाकावर स्वतः बसले, दोन्ही मुलांना बसवलं, वर मांडीवर सिमेंटची गोणी घेतली आणि म्हणाले, 'आता बसा बिनधास्त.' त्या दिवशी हॉलमध्ये जे रडले त्यात मीही होते.

तिसऱ्या पारोळ्याच्या मावशी. घरचे वजनकाटे साधारण दीडशे किलोला थांबतात. आपल्यापैकी एकाला ऑपरेशनच्या आधी वजन करायला भुसार मालाच्या अडतीवर नेलं होतं. ज्वारीच्या कट्ट्यांच्या रांगेत उभं केलं, हमालांनी आकडा ओरडून सांगितला. ती गोष्ट त्याने गटात सांगितली तेव्हा मावशी शेजारी होत्या. पुढच्या महिन्यात २०० किलोपर्यंतचा काटा घेऊन आल्या, मुलाच्या लग्नातल्या आहेराच्या पैशांतून. सूनबाईंना न विचारता घेतला असणार असा माझा अंदाज आहे, पण ते त्यांचं घरचं.

आणि गुरुजी. गुरुजींची वही म्हणजे आपल्या मंडळाचं काळीज. ज्याचं ऑपरेशन झालं त्याचं पान, दर गुरुवारी फोन, उचलला नाही तर परत शनिवारी. कोणाला कधी बी-१२चं इंजेक्शन, कोणाचं फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) किती, कोण कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकदमच गिळतो (दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहावर चहा नको, हे शंभरदा सांगून झालंय). भुसावळच्या मेडिकलवाल्या भाऊंनी कॅल्शियम सायट्रेट खरेदीच्या भावात दिलं. नंदुरबारच्या ताई रेल्वेने येतात, चार तास जायचे नि चार यायचे, आणि बैठकीत कधी पाचव्या मिनिटाला पोचल्या असं झालं नाही. त्या जळगावात राहणाऱ्यांच्या आधी येतात. हे मुद्दाम लिहितेय.

आता जरा टोचणारं.

गेल्या वर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी असंच आवाहन टाकलं होतं. वाचल्याच्या निळ्या खुणा सगळ्यांच्या आल्या. अंगठे आले, हात जोडलेले आले, एकाने फुलंही पाठवली. प्रत्यक्ष मदत सात घरांतून आली, आणि त्या सातांतले पाच तेच, जे दर वर्षी देतात. आपल्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून आलेल्या एका मोठ्या माणसाने व्यासपीठावरून ११ हजार जाहीर केले होते. ते अजून जाहीरच आहेत.

पैशांचं एक वेळ चालतं. माणसं निघून जातात त्याचं जास्त लागतं. पहिल्या सहा महिन्यांत ज्यांनी मला रात्री दोनला फोन केले, केस मूठमूठ गळतात म्हणून, पाणीसुद्धा पोटात राहत नाही म्हणून, ते वजन उतरल्यावर बैठकीला येईनासे झाले. समजू शकते. नवे कपडे, नवी गाडी, कोणाचं लग्न जमलं, कोणाला मूल झालं. जाडेपणाची आठवण नको असते. पण मग चौथ्या-पाचव्या वर्षी तोच माणूस रस्त्यात मला बघून फुटपाथ बदलतो. का, ते मला कळतं. त्याचे काही किलो परत चढलेले असतात.

यात लाज कसली? गुरुजींनी एकदा वाचून दाखवलं होतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो लोकांना घेऊन या शस्त्रक्रियांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. तिथेही सगळ्यात कमी वजन पहिल्या-दुसऱ्या वर्षी, आणि त्यानंतर थोडं परत चढलेलं. तरी ऑपरेशन झालेले लोक न झालेल्यांपेक्षा जास्त जगले. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं झालेलं ऑपरेशन म्हणजे स्लीव्ह. त्यात जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढतात, भुकेचं एक संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकच नसते. पुढे शरीर हळूहळू आपल्या जुन्या वळणावर यायला बघतं. हे नापास होणं नाही. पण आपल्याकडे आधी 'सोपा रस्ता धरला' म्हणून ऐकायचं आणि नंतर 'एवढे लाख घातले नि काय उपयोग' म्हणूनही ऐकायचं.

परवाच्या श्रावणातल्या कानबाईच्या सणाचीच गोष्ट. अमळनेरकडची आपली एक सून, स्लीव्ह होऊन सातवं वर्ष. रोटांचा स्वयंपाक, सगळी भाऊबंदकी जमलेली. काही वर्षांपूर्वी त्याच बायका तिला म्हणायच्या, 'इतली बारीक कशी व्हयनी व, बिमार शे का?' यंदा त्यातलीच एक म्हणाली, 'परत फुगनी का व माय?' आणि वर ताटात दुसरी पुरणपोळी. परसादाला नाही कसं म्हणायचं? तिने खाल्ली, न्हाणीत जाऊन ओकली आणि तिथूनच मला फोन लावला. मागे गाणी चालू होती, ती नळ सोडून बोलत होती. चाळीस मिनिटं. मी शहाणपणाचं काहीही सांगितलं नाही. मला माझे चढलेले किलो सांगायला लाज वाटत होती, ते सांगितले, नऊ. मग ती पहिल्यांदा हसली. सर्जन मुंबई-पुण्याला किंवा सुरत-इंदूरला. त्यांनी त्यांचं काम चोख केलंय, पण कानबाईच्या रात्री न्हाणीतून त्यांना फोन लावता येत नाही.

दुसरी गोष्ट रावेरच्या भाऊंची, त्यांच्या परवानगीने. बायपास (हृदयाचं नव्हे, जठर-आतड्याचं, वजनासाठीचं) होऊन सहावं वर्ष. साखर गेली, गोळ्या सुटल्या, माणूस खूश. तिसऱ्या वर्षी बी-१२ही बंद करून टाकलं, 'मला काही होत नाही' म्हणून. पावसाळ्यात केळीच्या बागेत चिखलात चप्पल निसटली आणि ते बांधापर्यंत तसेच चालत गेले. पायात चप्पल नाही हे कळलंच नाही, पोराने सांगितलं. बैठकीत हे हसत हसत सांगत होते, सगळे हसत होते. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, 'भाऊ, बी-१२ शेवटचं कधी तपासलं?' पायातल्या झिणझिण्या ते साखरेच्या समजत होते, त्या साखरेच्या नव्हत्याच. बायपासनंतर जेवणातलं बी-१२ अंगी नीट लागत नाही. पण यकृतात बी-१२चा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता ऑपरेशननंतर लगेच कळत नाही, सगळं विसरल्यावर कळते. इंजेक्शनं सुरू झाली. झिणझिण्या गेल्या, डाव्या अंगठ्याची बधिरता अजून आहे.

असे धोके नंतरच्या वर्षांतलेच. बायपासवाल्याने गुडघ्यासाठी मेडिकलवरून दुखण्याची साधी गोळी (आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी) घेतली तरी आत अल्सर होऊ शकतो, हे मेडिकलवाल्याला माहीत नसतं, आपण सांगायला हवं. बायांचं हिमोग्लोबिन उतरतं. हाडं कमजोर होतात. दारू बायपासनंतर झपाट्याने चढते, आणि जेवणाने भरायची ती जागा काही जणांनी तिने भरली. एका घरी आपण उशिरा पोचलो. त्याबद्दल इथे एवढंच.

म्हणून नव्या जागेत दोन रविवार ठरवलेत. पहिला रविवार नेहमीचा, नव्या लोकांसाठी. तिसरा रविवार फक्त तीन वर्षांच्या पुढच्यांसाठी. काटा तिथे कापडाखाली झाकलेला राहील, ज्याला वाटेल त्याने उभं राहावं. कोणी डोकावणार नाही. हिवाळ्यात बागेतली भरीत पार्टी दर वर्षीप्रमाणे होईलच. कळण्याची भाकरी, भरीत, आणि कोणी कोणाच्या ताटात बघत नाही अशी खान्देशातली बहुधा एकमेव पंगत.

आता हिशोब, एका दमात. नवा हॉल तळमजल्यावर, बस स्टँडपासून चालत जाता येईल असा. अनामत २०,००० रु. भाडं महिना २,५००, म्हणजे वर्षाचे ३०,०००. ज्यांना परवडत नाही अशा १८ जणांची वर्षाची रक्ततपासणी (हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी-३, कॅल्शियम, आणि पीटीएच म्हणजे कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक), लॅबवाल्या ताईंनी सवलतीत १,६०० धरले आहेत, म्हणजे २८,८००. ऑपरेशन विम्यात बसलं त्यांचीही ही तपासणी सहसा विम्यात बसत नाही, म्हणून हा निधी. टेम्पो, काट्याची दुरुस्ती ३,२००. एकूण ८२,०००. शिल्लक २१,४००. कमी पडतात ६०,६००. अनामत पोळ्याच्या आत द्यायची आहे, नाहीतर जागा शिकवणीवाल्यांना जाईल, त्यांनी दोनदा विचारून झालंय. रक्कम कोषाध्यक्षांकडे रोख किंवा फोनवरून, त्यांचा नंबर गटावर वरच लावून ठेवलाय. पावती मिळेल. ८० जी (देणगीवरची आयकर सवलत) नाही, आधीच सांगते, नंतर भांडण नको. शंभर रुपयेही चालतील. एका माणसाची तपासणी उचलायची असेल तर १,६००, कोणाची ते सांगणार नाही. नाव जाहीर करायचं की नाही ते पावती घेताना सांगा.

पैसे नसतील तर फोन घ्या. गुरुजींचं वय झालं, डोळ्याचं ऑपरेशन आहे, वहीतली पानं वाटून घ्यायची आहेत. एकाने पाच पानं, आठवड्याला पाच फोन. पाच वर्षं पुरी झालेला माणूस असेल तर सगळ्यात चांगलं, वजन कितीही असो. गुरुजी म्हणाले, 'परत चढलेला असेल तर आधी त्याला द्या.' धुळे आणि नंदुरबारसाठी प्रत्येकी एक जण तरी हवाच आहे.

बाक हलवायचे आहेत अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी आठला, जुन्या हॉलवर. टेम्पो सुतारदादा आणतील. बाक बाभळीचे आहेत, एका बाकाला चार माणसं लागतात, तेव्हा मुलांना, भावांना, जावयांना घेऊन या. नाश्ता मी आणते, मुगाची धिरडी. पाण्याची बाटली ज्याची त्याने आणा, आणि घोटघोट प्या.

आपली,
सचिव

ता. क. काटा टेम्पोत आडवा ठेवू नये. मावशी येणार आहेत.