बेड्यावरच्या (फाटकावरच्या) इंटरकॉमबद्दल

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

येत्या गुरुवारी सकाळी वायरमन येईल. तुम्हांला न विचारता मी त्याला बोलावले आहे आणि नवी तार तो चिपळूणहून घेऊनच येणार आहे, रागावू नका. आगोटीच्या आत हे झाले नाही तर जमीन उकरणे थेट दिवाळीवर जाईल, आणि इंटरकॉमवर काही समजत नाही म्हणून बाबांनी भर पावसात शेवाळलेल्या पायऱ्या उतरून बेड्यापर्यंत जाणे मला नको आहे. गेल्या श्रावणातले मी विसरलेले नाही.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "आता कानच गेले." कान गेलेले नाहीत, चूक माझी आहे. पुन्हा चर खणायला नको म्हणून मीच इंटरकॉमची साधी तार बेड्यावरच्या दिव्याच्या पाइपातून ओढायला सांगितली होती. घूंऽऽ असा आवाज दिवेलागणीनंतरच येतो, असे आई सहज बोलून गेली आणि माझ्या ध्यानात आले. दिवा लागला की २३० व्होल्टच्या वायरीतली घरघर शेजारच्या बारीक तारेत उतरते आणि माणसाचे शब्द तिच्याखाली बुडतात. आता कॅट-६ तार वेगळ्या पाइपातून, दिव्याच्या वायरीपासून फूटभर लांब, गडग्याच्या कडेने जाईल. तिच्यात आठ तारा दोन-दोन करून पिळलेल्या असतात. आवाजाची तार आणि तिची परतीची तार एकाच जोडीत घेतली की बाहेरची घरघर दोन्हींवर सारखीच चढते आणि बरीचशी आपोआप कटते. तार शुद्ध तांब्याचीच सांगितली आहे, कारण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आपल्या खाऱ्या हवेत जोडापाशी लवकर कुजते.

दिवसाही आवाज दबका येतो, त्याचे कारण निराळे आहे. आईने पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला, तर माइकच्या भोकावर कुंभारीण माशीने बोटाच्या पेराएवढे मातीचे घर लिंपले आहे आणि खालच्या पितळी स्क्रूवर हिरवा कळंक चढला आहे. बाबा, त्या भोकात सुई घालू नका, आतला पडदा फाटेल. वायरमन मऊ ब्रशाने माती काढील आणि आतले जोडही घासून घेईल. आवाज वाढवायचा मागचा स्क्रूही पिळू नका; स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शीळ वाजू लागते.

घरातले यंत्र माजघरातून काढून ओटीवर झोपाळ्याशेजारी, बसल्या जागी हात पोहोचेल असे लावायला सांगितले आहे. दुपारची पाठ टेकलेली असताना उठायचे काम नाही. शाळेतून येताना मी बेड्यावरून कुकारा घातला की तुम्ही आगरातून उलट कुकारा घालायचा, तेव्हा तार कुठे होती? पण आता तुम्ही ओरडू नये, एवढेच वाटते. वयाबरोबर उंच पट्टीचे बारीक आवाज सगळ्यांनाच आधी कमी ऐकू येतात, म्हणून पावसाळ्यानंतर मी आले की कान एकदा दाखवून येऊ. घाई काही नाही.

आई, मेन स्विच बंद केल्याशिवाय वायरमनला हात लावू देऊ नकोस. काम झाले की बेड्यापाशी उभी राहून नेहमीच्या आवाजात काहीतरी बोल. बाबांनी झोपाळ्यावरून शब्द न् शब्द तसाच परत सांगितला, तरच त्याला चहा देऊन निरोप दे.

तुमची,
धाकटी